आधी श्वास सोडा

ध्यान म्हटलं की डोळ्यांसमोर हिमालय येतो. तो नाही आला, तर निदान एखादी शांत खोली तरी येतेच. सोलापुरात अशी खोली कितीजणांच्या वाट्याला येते? पूर्व भागात कित्येक घरं अशी आहेत, की पुढच्या खोलीत माणसं राहतात आणि मागच्या शेडमध्ये माग चालतात. माग चालू असेपर्यंत शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ज्या दिवशी येणार त्या दिवशी सगळ्या घराचं वेळापत्रक नळाभोवती फिरतं. उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो आणि दुपारी पत्र्याखाली बसवत नाही. अशा गावातल्या माणसाला ‘रोज पहाटे एकांतात अर्धा तास बसा’ असं सांगितलं, तर तो मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी विसरून जातो. त्यात त्याचा काही दोष नाही. हा सल्लाच अंगाचं माप न घेता शिवलेल्या सदऱ्यासारखा आहे.

म्हणून आजच्या दिवसापुरतं एवढंच मनात धरू या. शांतता मिळाली की बसू, ही अट काढून टाकायची. आणि सुरुवात श्वास सोडण्यापासून करायची.

सोडण्यापासून का, ते समजून घेण्यासारखं आहे. हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन यांतलं काहीच आपल्या हुकमात नाही. ‘आता शांत हो’ असं हृदयाला सांगून ते ऐकत नाही. श्वासाचं मात्र दोन्हीकडून चालतं. आपण झोपेत असलो तरी तो चालू राहतो, आणि मनात आणलं तर आपल्या हाती येतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घेतला, तर बऱ्याचजणांना हा फरक बोटांना कळतो. मेंदूपासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. हृदयाला आवर घालण्याचं काम ती करते, आणि उच्छ्वासाच्या वेळी तिचा अंमल वाढतो. तेव्हा उच्छ्वास जेवढा सावकाश आणि लांब, तेवढी तिला सवड जास्त. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. चिडलेला, घाबरलेला माणूस त्याच्याही पुढे जातो. हा आकडा सावकाश सहा-सातवर आला, की रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा आणि श्वास एका तालात चालू लागतात.

इथे एक गैरसमज आडवा येतो, आणि नवख्या माणसाचं पहिलं पाऊल तिथेच चुकतं. ‘ताण आला की मोठा श्वास घ्या’ असं सगळेच सांगतात. मग माणूस छाती फुगवून भसाभसा श्वास घ्यायला लागतो, कारण जास्त हवा म्हणजे जास्त ऑक्सिजन असं त्याला वाटतं. कोरोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आले होते, ते आठवावं. धडधाकट माणसाच्या बोटाला लावला की नुसतं बसल्या जागी 97-98 दाखवायचा. म्हणजे रक्त आधीच भरलेलं असतं, त्यात आणखी भर घालायला फारशी जागाच नसते. उलट जोरजोरात श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. आधीच घाबरलेल्या माणसाला हे झालं, तर तो दुप्पट घाबरतो. तेव्हा श्वास मोठा घ्यायच्या मागे लागू नये. तो हलका, संथ असावा आणि बाहेर जाताना लांब असावा.

प्राणायामाकडे असं पारखून बघण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी बडोद्याला रुग्णालयातलं क्ष-किरण यंत्र वापरून उड्डियान आणि नौली या योगक्रिया करताना पोटात नेमकं काय होतं ते पाहिलं. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून असे प्रयोग छापायला सुरुवात केली. गुरूकडून घेतलेली विद्या यंत्रासमोर आणून उभी करायला धाडस लागतं, आणि त्या विद्येवर खरा विश्वास असल्याशिवाय ते धाडस होत नाही. मला कुवलयानंदांबद्दल सर्वांत जास्त आदर याच गोष्टीसाठी वाटतो. सोलापूरहून मुंबईला जाणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री लोणावळ्यावरूनच जाते. त्या वेळी आपण बहुतेक झोपेत असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. विडी वळणाऱ्या बाईकडे पाच मिनिटं नीट बघावं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली पानं. पान बोटांवर घेतलं, चिमूटभर तंबाखू पसरली, वळलं, दोरा बांधला, टोक मुडपलं, की लगेच पुढचं पान. मजुरी हजार विड्यांवर ठरलेली, त्यामुळे हात थांबवून चालत नाही. मान खाली, खांदे कानांकडे चढलेले, पोट दुमडलेलं. पोट असं दाबलं गेलं की छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल पुरतं खाली उतरू शकत नाही. मग श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो, आखूड आणि भरभर होतो. मध्येच काल खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या आठवल्या, मुलीची फी आठवली, की क्षणभर तोही थांबतो. तिला ते कळत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर वाकलेल्या माणसाचा श्वास असाच असतो, आणि त्यालाही ते कळत नाही.

अशाच एका अक्कांना मी हे सगळं सांगत होतो. त्यांनी हात न थांबवता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “ते सगळं खरं हो, पण बसायला सवड कुठं हाय? हात थांबला की मजुरी बुडली.”

“हात थांबवूच नका अक्का. जुडी बांधून झाली की फक्त खांदे खाली सोडायचे आणि एक श्वास सावकाश बाहेर जाऊ द्यायचा. तो पुरता गेला की पुढची जुडी.”

“बस्स? एवढंच?”

“एवढंच.”

त्यांनी तिथल्या तिथे करून पाहिलं. खांदे दोन बोटं तरी खाली आले. आपण खांदे इतके वर धरून बसलो होतो, याचंच त्यांना नवल वाटलं. एक गोष्ट मात्र मी त्यांना आवर्जून सांगितली आणि इथेही सांगतो. बसून सलग काही मिनिटं करायचं असेल, तेव्हा सुपापासून उठावं, हात-तोंड धुवावं आणि दारात किंवा खिडकीशी बसावं. तंबाखूची धूळ उडत असताना मुद्दाम लांब श्वास घेत बसण्यात शहाणपण नाही. मागावर काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शेडमधल्या हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात, तेव्हा श्वासाचा सराव शेडच्या बाहेर येऊनच करावा.

सलग सराव करायचा, तर सुरुवात आडवं पडून करणं सर्वांत सोपं. जमिनीवर आपलीच सोलापुरी चादर अंथरावी, उताणं पडावं, गुडघे दुमडून तळपाय जमिनीला टेकवावेत. पोटावर मुलाची एखादी वही ठेवावी. श्वास आत जाताना वही वर आली आणि बाहेर जाताना खाली गेली, की श्वास पोटापर्यंत उतरतोय असं समजावं. वही हलत नसेल आणि छातीच वरखाली होत असेल, तरी पोट ओढूनताणून फुगवू नये. आधी श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्यावा. तो पुरता गेला की पुढचा आपोआप खाली उतरतो. सोडण्यापासून सुरुवात करा म्हणतो, ते यासाठीही. दोन-चार दिवसांत वही हलायला लागली, की नाकाने मनात तीन मोजेपर्यंत आत आणि पाच मोजेपर्यंत बाहेर. हे सहज व्हायला लागलं की चार आणि सहा. चार अधिक सहा म्हणजे दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास झाले. मध्ये श्वास रोखायचा नाही. कुंभक ही पुढची पायरी आहे आणि ती शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच चढावी. मोजताना धाप लागली, तर आकडा आपल्याला जड जातोय असं समजून खाली आणावा. पाच मिनिटं पुरेत. जेवल्या जेवल्या करू नये, आणि उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री ऊन उतरल्यावरच करावं.

टीव्हीवर पाहून पहिल्याच दिवशी कपालभाती आणि भस्त्रिका सुरू करणारे पुष्कळ दिसतात. या क्रिया जोराच्या आहेत. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या मनाने करू नयेत. रोजचा ताण हलका करायला त्यांची गरजही नाही.

मोजत बसायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यातच दुसरी वाट आहे. पंढरपूर आपलं. भजनात ओळ पुरी होईपर्यंत गाणाऱ्याला श्वास सोडतच राहावा लागतो आणि मग दोन ओळींच्या मध्ये तो चटकन आत घ्यावा लागतो. म्हणजे उच्छ्वास लांब, श्वास आखूड, आणि तेही टाळाच्या ठेक्यात. 2001 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ल्युसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणसांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणायला लावली आणि तिबेटी बौद्धांचा मंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदय व रक्तदाब यांचा ताल सुधारलेला दिसला. भाषा वेगळी, देव वेगळा, पण श्वासाची लांबी तीच. आजी माळ ओढत बसते तेव्हा तिच्या शरीरात काय चाललेलं असतं, याचा थोडा अंदाज यातून येतो. भजनाला जाणारी माणसं घरी येताना वेगळीच दिसतात, हे तर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आणि मागाच्या खडखडाटात भ्रामरी फार उपयोगाची. ओठ मिटलेले, आत दात एकमेकांपासून सुटे, अंगठ्यांनी कान हलकेच बंद करायचे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. कान बंद असल्यामुळे आपलाच आवाज डोक्याच्या आतून ऐकू येतो आणि बाहेरचा माग मागे पडतो. गुणगुणताना श्वास सोडायची घाई करताच येत नाही, त्यामुळे उच्छ्वास आपोआप लांबतो. असे पाच-सहा गुंजारव झाले की थांबावं आणि तसंच बसून राहावं. लहान मुलांना हा प्रकार फार आवडतो. त्यांना ‘ध्यान करा’ म्हटलं तर ती पळून जातात, भुंगा करू या म्हटलं की येऊन बसतात.

इथवर शरीराचं झालं. आता मनाचं. श्वास संथ झाला की लक्ष नाकपुड्यांपाशी ठेवायचं. आत जाणारी हवा थोडी गार लागते, बाहेर येणारी थोडी कोमट, एवढंच बघायचं. श्वास बदलायचा नाही, मोजायचाही नाही. बौद्ध परंपरेत याला आनापान म्हणतात. इगतपुरीच्या धम्मगिरीत 1976 पासून सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीने जी दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात, त्यांत पहिले तीन दिवस साधकाला एवढंच करायला सांगतात. तीन दिवस, तेही मौन पाळून. एवढ्या साध्या वाटणाऱ्या गोष्टीला इतका वेळ देतात, यावरूनच ती किती अवघड आहे ते कळावं. घरी पाच मिनिटं बसल्यावर चौथ्या श्वासाला मन टाकी भरली का ते बघायला गेलं, तर आपल्याला ध्यान जमत नाही असं म्हणून उठू नये. मन जाणारच. टाकी, गॅस, हप्ता, सासूचं औषध, सगळीकडे फिरून येणार. ते गेलंय हे ध्यानात आलं की त्याच्यावर न रागावता पुढच्या उच्छ्वासापाशी परत यायचं. पाच मिनिटांत वीस वेळा गेलं आणि वीस वेळा परत आणलं, तर तुम्ही भरपूर सराव केलात. कोरं मन करून बसणं हे नवख्याचं काम नाही. परत येणं मात्र पहिल्या दिवसापासून जमू शकतं.

कामात बुडालेल्या माणसाने ध्यानाच्या वाटेला जावं का, हा प्रश्न या गावाला नवा नाही. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवेश्वर आणि अल्लमप्रभूंच्या काळातले. तेव्हा या गावाला सोन्नलगी म्हणत. सिद्धरामांनी इथे मंदिर उभारलं, लोकांना जोडीला घेऊन तलाव खोदला, गावाभोवती 68 लिंगांची स्थापना केली. बसवेश्वरांच्या शरण परंपरेत अशी कथा आहे, की तलावाचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू इथे आले आणि ‘तो माती खणणारा राम कुठे आहे’ असं त्यांनी मुद्दाम कामकऱ्यांना विचारलं. कामकरी चिडले, दगड घेऊन धावले. सिद्धराम आले तेही रागातच. मग दोघांचा मोठा संवाद झाला. बाहेर एवढं खोदलंस, आत किती उतरलास, हा त्या संवादाचा गाभा. त्यानंतर सिद्धराम बसवेश्वरांच्या कल्याणला गेले, शिवयोगी म्हणून ओळखले गेले आणि त्यांनी कन्नडमध्ये वचनं लिहिली.

या कथेत मला मोलाचं वाटतं ते असं. अल्लमप्रभू सिद्धरामांना गाठायला कुठल्या गुहेत गेले नाहीत, चालू कामावर आले. आणि तो तलाव आजही आहे. आतली वाट धरली म्हणून सिद्धरामांचं बाहेरचं काम वाया गेलं नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात तेव्हा ते उंच, जड ध्वज पेलणाऱ्या भक्ताकडे बघावं. सभोवती हजारो माणसं, वाद्यं, जयघोष, आणि तो मात्र आपल्या कमरेवर, पावलांवर आणि श्वासावर एकवटलेला. एवढ्या गर्दीतही चित्त एका जागी ठेवता येतं, हे आपलं गाव दरवर्षी जानेवारीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहतं.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून हे सगळं सांगणं अप्रामाणिक होईल. श्वासाने मजुरी वाढत नाही. कर्जाचा हप्ता पुढे ढकलला जात नाही आणि नळाला रोज पाणी येत नाही. त्या गोष्टींसाठी बोलावं लागतं, एकत्र यावं लागतं, भांडावं लागतं, आणि विडी कामगार व गिरणी कामगारांच्या लढ्यांचा या शहराचा इतिहास मोठा आहे. कष्टकऱ्याला ‘तू ध्यान कर, सगळं ठीक होईल’ असं सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. श्वासाचं काम त्याहून लहान आहे, पण ते खरं आहे. दिवसभराचा राग घरी येऊन लेकरावर निघायच्या आत त्याला थोडी वाट मिळते, आणि अंथरुणावर पडल्यावर डोळा लवकर लागायला मदत होते.

आणि ताण नेहमी ताणच असतो असंही नाही. छातीत दुखतंय, हात भरून आलाय, दरदरून घाम फुटलाय, तर डोळे मिटून श्वास मोजत बसू नये, तडक दवाखाना गाठावा. कित्येक आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं झालंय, असं होत असेल, तर 14416 या क्रमांकावर ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा चोवीस तास आणि विनामूल्य आहे. तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या श्वासाच्या भरवशावर बंद करू नयेत. गोळीही घ्यावी आणि त्यानंतर पाच मिनिटं पोटावर वही ठेवून पडूनही राहावं.